फुटबॉलचा आंबिया बहार

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला शेषराव माळ्यांची बाग लागायची. विहिरीवर एक मोट, चाळीस संत्र्याची झाडं, आणि पुढच्या पट्टीत वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे पुण्याकडचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. बागेत गवताची काडी दिसायची नाही, आणि शेषरावांच्या तोंडी गोड शब्दही नाही.

शेषरावांनी उभ्या आयुष्यात कशाचीही स्तुती केली नव्हती. झाडाला चांगलं म्हटलं की फळ गळतं, असा त्यांचा पक्का समज होता, आणि त्याला पुरावाही होता. त्यांच्या बापाने एकदा भर बागेत उभं राहून 'यंदा बहार झकास धरला' असं म्हटलं आणि आठ दिवसांत निम्मी फळं जमिनीवर आली. तेव्हापासून त्या घरात झकास हा शब्द कोणी काढला नाही. भाजी चांगली झाली तर शेषराव म्हणत, 'आज मीठ कमी नाई.' नवा बैल घेतला तेव्हा म्हणाले, 'लंगडत तर नाई.' लग्नासाठी जयवंताबाईंना पाहायला गेले तेव्हा बराच वेळ पाहून 'चालते' एवढंच बोलले होते. जयवंताबाई वीस वर्षं त्या एका शब्दावर संसार करत होत्या.

त्यांना एकच मुलगा, देवीदास. सहा वर्षांचा झाला तसं त्याच्याकडे दारं धरायचं काम आलं. शेषराव मोट हाकायचे, पाणी दांडातून खाली यायचं, आणि देवीदासने एका वाफ्याचं तोंड फोडायचं, वाफा भरला की बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याकडे पळायचं. पळायला वाट काय, तर वीतभर रुंदीचा वरंबा. पाय घसरला तर मेथीत, आणि मेथी तुडवली तर मोटेच्या धावेवरून, म्हणजे बैल चालायच्या उतारावरून, शेषरावांचं ढेकूळ. शेषरावांचा नेम साऱ्या शिवारात माहीत होता. त्यांच्या वांग्यावर कावळा बसत नसे. त्यातून देवीदासला एक खोड होती. गळून पडलेलं कच्चं संत्रं पायाशी घेऊन ते ढकलत ढकलतच तो दारं धरायचा. म्हणजे एका वेळी त्याने चार गोष्टी सांभाळायच्या: पायाखालचा वरंबा, पायापुढचं संत्रं, पुढचा वाफा आणि मागून येणारं ढेकूळ. ढेकूळ त्याला लागत नसे. बाबा मुद्दाम बाजूला मारतात, अशी त्याची समजूत होती.

पुढे अमरावतीच्या शाळेत त्याला कोणीतरी फुटबॉलमध्ये उतरवलं. एवढं मोठं मैदान, कुठे मेथी नाही, आणि समोरून येणारी पोरं ढेकळापेक्षा कितीतरी सावकाश. देवीदास त्यांच्यामधून असा गेला की गोलकीपर शेवटपर्यंत दुसऱ्याच कोणाकडे पाहत होता. नेमके त्याच दिवशी अकोल्याच्या लाल प्रेसचे मॅनेजर हरिहरपंत तिथे उभे होते.

ही लाल प्रेस म्हणजे कापसाच्या गठाणी बांधायचा कारखाना. टिनाला लाल रंग दिलेला, म्हणून लाल प्रेस. तिच्या शेठला फुटबॉल कळत नव्हता, पण अमरावतीला दर माघाच्या सुमाराला जी शील्ड होत असे तिचं बक्षीस द्यायला मध्यप्रांताचे मोठे साहेब नागपुराहून येत, आणि त्यांच्याबरोबर आपला फोटो निघावा अशी शेठची फार इच्छा होती. म्हणून हरिहरपंत वऱ्हाडभर फिरून हुन्नरी पोरं गोळा करत होते. नावाला तोलाईवर नोकरी, काम काही नाही. पगार, दूध, अंडी, मालिश, बूट.

हरिहरपंत बागेत आले आणि म्हणाले, "शेषराव, तुमच्या मुलाच्या पायात सोनं आहे."

शेषरावांनी मुलाच्या पायांकडे पाहिलं. "सोनं नाई, चिखल्या हायेत. पाण्यात असते ना दिवसभर."

"आमच्याकडे सगळी काळजी घेऊ. त्याच्या पायाला माती लागू देणार नाही."

"अन् पाणी किती देता?"

"पाणी कसलं, दूध देतो. रोज एक शेर."

शेषरावांच्या कपाळाला आठी पडली. पण दूध हा शब्द जयवंताबाईंच्या कानावर गेला होता, आणि त्यापुढे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. देवीदास अकोल्याला गेला. जाताना तो बापाकडे पाहत जरा रेंगाळला. शेषराव म्हणाले, "गाडी चुकन."

दोन वर्षं गेली. लाल प्रेसच्या टीममध्ये कारंज्याचा बॅक होता, बाळापूरचा गोलकीपर होता, मूर्तिजापूरचे दोन भाऊ होते. एकेक पोरगा आपल्या गावात अंगठीतल्या खड्यासारखा मिरवलेला. आणि गंमत अशी की अकोल्यात ज्या दिवशी उतरला त्या दिवशी जेवढं खेळत होता त्याच्यापुढे त्यातला एकही तसूभर सरकला नाही. दोन्ही वर्षं टीम शील्डमध्ये मध्येच हरून परत आली. हरिहरपंतांनी सगळे उपाय केले. दूध सव्वा शेर केलं. नवे बूट आणले. दुसरा मालिशवाला ठेवला. तिसऱ्याला निरोप गेला होता.

त्या दिवाळीला देवीदास घरी आला. टांग्यातून उतरला, डोक्याला वासाचं तेल, पायात बूट. आई समोर दिसली तसा तो बागेतून सरळ तिच्याकडे निघाला आणि त्याचा पाय मेथीच्या वाफ्यात पडला. एक नाही, तीन पावलं. धावेवर उभ्या शेषरावांचा हात सवयीने खाली गेला, ढेकूळ हाताशी आलं, आणि हात तिथेच थांबला. पूर्वी एक पान मोडलं तरी पोरगा आधी मान वर करून धावेकडे पाहायचा. आज त्याने पाहिलंच नाही. त्याला मेथी तुडवल्याचं कळलंच नव्हतं. तो वाकून बूट पुसत होता.

त्या दिवशी शेषरावांना भाकर गोड लागली नाही. पोराचा पाय मेला, असं त्यांच्या मनाने घेतलं. खेळ गेला तर माळी तरी उरावा, तर तोही उरला नव्हता. जयवंताबाईंनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाल्यावर गेला पोरगा." ज्याच्या घरी वांगी होतात त्याला हे सांगावं लागत नाही. खत-पाणी जास्त झालं की वांग्याचं झाड हिरवंगार होतं, माणसाच्या कमरेला लागतं, लोक बांधावर उभे राहून पाहतात, आणि त्याला वांगं एक लागत नाही.

मार्गशीर्षाच्या आरंभी शेषराव वांग्यांची टोपली घेऊन रेल्वेने अकोल्याला गेले. संध्याकाळी प्रेसमागच्या मैदानात खेळ चालला होता. अकरा पोरं, अकराही जणांचे भांग सरळ. चेंडू आपल्याकडे येईल म्हणून प्रत्येकजण जागेवर उभा. आला की तो थांबवायचा आणि आपल्याच पायाकडे कौतुकाने पाहायचं. एकाच्या बुटाची नाडी सुटली तर मालिशवाला बांधायला धावला. आणि मैदानाच्या कडेला प्रेसचे कारकून, ते कशालाही 'वाहवा' म्हणत होते. चेंडू आत गेला तरी वाहवा, बाहेर गेला तरी वाहवा. शेषरावांना दुधापेक्षा त्या वाहवाची धास्ती वाटली. हेही पाणीच होतं, आणि तेही पाट फोडून सोडलेलं.

तिथून ते हरिहरपंतांच्या जठारपेठेतल्या घरी गेले. ओसरीवर चहा आला. हरिहरपंतांचा चेहरा उतरलेला होता. ते म्हणाले, "शेठजींनी बजावलं आहे. यंदा शील्ड नाही आली तर टीम बंद. मुलांना घरी पाठवायचं. काय करावं सुचत नाही. दूध दीड शेर करून पाहू का?"

"ताण द्या," शेषराव म्हणाले.

"म्हणजे?"

"संत्र्याले आमी या महिन्यात पाणी तोडतो. एक थेंब देत नाई. पानं माना टाकतात, चौथाई गळतात. झाडाले वाटते का आता आपण मरतो. मंग संक्रांतीले पाणी दिलं का जे फुलते, तो आंबिया बहार. पाण्यात उभं हाये ते झाड कायले फुलन? त्याले घाई काय पडली?"

हरिहरपंत वकिलाच्या घराण्यातले होते. त्यांनी या युक्तिवादात फट शोधली, त्यांना मिळाली नाही. "किती दिवस द्यावा लागतो?"

"जमिनीवर हाये. हलकी असन तर महिना. भारी काळी असन तर दीड महिना."

"आणि आमची मुलं?"

"भारी काळी," शेषराव म्हणाले.

शेठला हवापालट म्हणून सांगितलं आणि अकरा पोरं वळकट्या घेऊन बागेत दाखल झाली. शेषरावांनी आल्या आल्या बूट गोळा करून कडब्याच्या गंजीवर टाकले. दूध बंद, अंडी बंद, मालिश बंद. ज्वारीची भाकर, ठेचा आणि पालकाची पातळ भाजी. प्रत्येकाला चार वाफे नेमून दिले. पाणी आलं की चेंडू पायाशी घेऊन वरंब्यावरून पळायचं, दारं धरायची, आणि मेथीचं पान मोडलं की ढेकूळ. पहिल्या दिवशी कारंज्याच्या बॅकला सतरा ढेकळं लागली. मूर्तिजापूरच्या भावांना मिळून वीस. गोलकीपरला मात्र ढेकळं झेलायला लावायची असं दुसऱ्या आठवड्यात ठरलं. फुटबॉलच्या शास्त्रात शेषरावांनी स्वतःच्या डोक्याने घातलेली भर ती एवढीच.

आणि वाहवा बंद. कोणी कितीही चांगलं पळालं तरी शेषराव एवढंच म्हणायचे, "पडला नाई."

पंधरा दिवसांत पोरांचे गाल बसले. दोघे पळून बडनेरा स्टेशनापर्यंत गेले, तिकिटाला पैसे नाहीत म्हणून परत आले, आणि त्या दिवशीची दारं चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट धरली. पण हळूहळू माना वर होऊ लागल्या. कारंज्याच्या बॅकला चौथ्या आठवड्यात दिवसभरात दोनच ढेकळं लागली आणि तो जेवताना गाणं म्हणाला. चेंडू कुठून येतोय, कोण कुठे पळतोय, हे पोरांना न पाहता कळायला लागलं. रविवारी हरिहरपंत यायचे आणि बांधावर उभे राहून तोंडावर हात दाबून धरायचे, कारण वाहवा म्हणायची मनाई होती.

एक देवीदास तेवढा फुटत नव्हता. पहिल्या दिवसानंतर त्याने मेथीचं पान मोडलं नाही. त्या दिवशी दोन ढेकळं आली, ती त्याने मान हलवून चुकवली, जुनं सगळं अंगात परत आलं. पण तो खेळायचा मजुरीला आलेल्या माणसासारखा. सांगितलं तेवढं करायचं आणि बापाकडे पाहायचं. शेषरावांना हे उमजेना. मध्ये त्यांना पोराच्या गालावर जरा तकाकी दिसली तेव्हा त्यांनी भाकरी उचलून पाहिली. खाली लोण्याचा गोळा.

"चोरून पाणी देऊन राह्यली तू," ते बायकोला म्हणाले.

जयवंताबाईंनी लोणी काढून घेतलं नाही. संक्रांतीचा दिवस होता. सकाळीच शेषरावांनी संत्र्यांना पहिलं हलकं पाणी दिलं होतं. "झाडाचा ताण तुमी दीड महिन्यात तोडला," त्या म्हणाल्या. "पोराचा अठरा वर्षांपासून चालू हाये. तो कधी तोडान?"

"म्या कोठी त्याले ताण दिला?"

"मले तरी तुमी एक डाव 'चालते' म्हणलं होतं. त्याले तेवढंबी नाई म्हणलं."

शेषराव मोटेवर गेले. पण बैल त्या दिवशी आपल्या मनाने चालत होते.

ताण देणाऱ्याला एक खूण माहीत असावी लागते. संध्याकाळी माना टाकलेली पानं सकाळी ताठ झाली तर झाड अजून तग धरून आहे. सकाळीही ती खालीच असली तर त्याच दिवशी पाणी द्यावं. एक दिवस चुकला तर बहार तर नाहीच, झाडही जातं. लाल प्रेसने शील्डच्या पहिल्या दोन मॅचेस जिंकल्या, त्यात देवीदासचं फार काही नव्हतं. फायनलच्या सकाळी शेषरावांनी त्याला विहिरीवर तोंड धुताना पाहिलं. पोरगा पाणी ओंजळीत धरून नुसता उभा होता, मान खाली. सकाळची वेळ होती.

त्यांना बोलायचं होतं. पण ज्याने कधी उच्चारलाच नाही त्याने तो शब्द आणायचा कुठून? भाकरीच्या वेळी जवळ गेले आणि म्हणाले, "भाकर खाल्ली का?" बैलगाडी जुंपताना म्हणाले, "ऊन हाये आज." मैदानाच्या फाटकाशी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि पागोटं नीट करून मिटलं. त्यात मनाशी भीतीही होती. नुकताच संत्र्याला फुलोरा धरत होता, आणि बापाच्या त्या झकासची आठवण जुनी झाली नव्हती.

समोर गेल्या वर्षीची जिंकलेली नागपूरची टीम. साहेब आले होते, शेजारी शेठ नवा कोट घालून बसले होते. आपण पैसे मोजलेले बूट एकाही पोराच्या पायात नाहीत हे पाहून त्यांनी हरिहरपंतांकडे असं पाहिलं की हरिहरपंत दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. पहिल्या अर्ध्यात नागपूरने एक गोल केला. लाल प्रेसची पोरं जिवाच्या कराराने पळत होती, चेंडू काढून देवीदासकडे देत होती. देवीदास तो घ्यायचा, आणि पुढे मोकळी वाट असली तरी लगेच दुसऱ्याकडे देऊन टाकायचा. मग कोपऱ्यातल्या बैलगाडीवर उभ्या असलेल्या पागोट्याकडे पाहायचा.

हाफटाईम झाली. पोरं मैदानाच्या मध्ये बसली. शेषराव गाडीवरून उतरले आणि थेट आत चालत निघाले. पंचाने हटकलं, ते थांबले नाहीत. शेठ अर्धवट उभे राहिले. हजारभर माणूस पाहत होता. शेषराव मुलासमोर जाऊन उभे राहिले.

"देव्या, दहा वर्षं तुले ढेकळं मारली."

"हो बाबा."

"तुले वाटते म्या मुद्दाम बाजूले मारत होतो."

देवीदासला तसंच वाटत होतं.

"नेम धरून मारत होतो," शेषराव म्हणाले. "एकेक. कावळ्याले कधी चुकलं नाई. या पोराईले रोज लागलं, विचार त्याईले. तुले दहा वर्षांत एक लागलं नाई." पुढचं वाक्य बाहेर काढायला त्यांना विहिरीतून मोट ओढल्यासारखे कष्ट पडले. "चांगला खेळते तू. म्या असं पळणारं दुसरं पाह्यलं नाई. झकास खेळते."

कारंज्याच्या बॅकने इतक्या दिवसांत तसला शब्द ऐकला नव्हता, त्याच्या हातातलं लिंबू खाली पडलं. देवीदास बापाकडे पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही. शेषराव वळले आणि आले तसे गाडीकडे परत गेले. मान त्यांचीच खाली होती.

दुसऱ्या अर्ध्यात पहिला चेंडू देवीदासच्या अंगावरून निघून गेला, तो अजून बापाच्याच बोलण्यात होता. दुसरा त्याने धरला. आणि मग त्याने तो कोणालाच दिला नाही. त्या सपाट मैदानात त्याला कुठे वरंबे दिसत होते कोण जाणे, तो वीतभर वाटेवरून चालल्यासारखा नागपूरच्या पाच जणांमधून गेला, मान वर, आणि जाता जाता चेंडू आत ढकलून पुढे तसाच पळत राहिला, जणू पुढच्या वाफ्याचं दार फोडायचं होतं. दुसरा गोल त्याने मूर्तिजापूरच्या धाकट्याला करू दिला. शील्ड आली, फोटो निघाला, फोटोत शेठ साहेबांच्या शेजारी आहेत आणि अनवाणी पोरं मागे.

हरिहरपंतांनी त्याच दिवशी दूध मागवलं. शेषरावांनी त्यांचा हात धरला. "पहिलं पाणी हलकं द्या लागते," ते म्हणाले, आणि पोरांना एकेक पेला मिळाला. देवीदास अकोल्याला परत गेला, पण दर मार्गशीर्षात टीम बागेत येणार, हे लेखी ठरवून. त्या रात्री जेवताना शेषराव म्हणाले, "भाजी बरी झाली." जयवंताबाई पुढचा घास घ्यायच्या विसरल्या.

चैत्रात त्या बागेत संत्र्याची गळ नेहमीपेक्षा जास्त झाली. सकाळ-संध्याकाळ झाडांखाली हिरव्या फळांचा सडा पडायचा. शेजारचे बागवाले बांधावर येऊन विचारायचे, यंदा काहून एवढी गळ? पाणी चुकलं का, खत चुकलं का?

"काई चुकलं नाई," शेषराव म्हणायचे. ते वाकून एकेक फळ टोपलीत टाकत असायचे. "म्या पोराले एक शब्द बोललो होतो. तेवढी तर होनारच."